तायक्वांदो-हापकिडोमधून खरंखुरं सेल्फ डिफेन्स कसं शिकायचं आणि कसं शिकवायचं

ॲडमिशनला येणाऱ्या बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न एकच असतो, मॅडम, किती महिन्यात हिला स्वतःला वाचवता येईल? आणि मी उलट विचारते की तुम्हाला हिच्या गळ्यात मेडल बघायचंय की कुणी हात धरला तर तो सोडवून हिला घरी पोचता यायला हवंय, कारण दोन्ही त्याच पांढऱ्या दोबोकमध्ये म्हणजे सरावाच्या ड्रेसमध्ये आणि त्याच मॅटवर शिकवलं जातं पण दोन्ही एक नाही. हे सगळं लिहितेय ते त्यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे हात सोडवून घरी पोचण्याबद्दल. मी आधी तायक्वांदो शिकले, नंतर हापकिडो, आणि आता बरीच वर्षं शिकवतेय, शिकवताना माझं जे चुकलं तेही सांगते म्हणजे तुम्हाला तेच परत करावं लागणार नाही.

मॅच वेगळी, होशिनसुल वेगळं

ऑलिंपिक स्टाईल तायक्वांदो मॅचमध्ये कमरेखाली किक मारली की फाऊल, समोरच्याला धरलं की फाऊल, पंच फक्त छातीच्या गार्डवर, चेहऱ्यावर पंच मारला तरी फाऊल. या फाऊलला गामजोम म्हणतात आणि त्याचा पॉइंट समोरच्याला जातो. म्हणून नुसतं मॅच खेळणाऱ्या पोरांचे हात खाली लोंबत असतात, चेहऱ्यावर ठोसा येणारच नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. आणि एसटी स्टँडवर, जिन्यात, पार्किंगमध्ये जे होतं ते नेमकं हेच असतं ना, मनगट धरणं, केस ओढणं, भिंतीला दाबणं, तोंडावर मारणं.

यात तायक्वांदोचा काही दोष नाही हं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो मेडलचा खेळ आहे आणि खेळाला नियम लागतातच. उलट मॅच खेळलेल्या मुलीला अंतराचा जो अंदाज येतो, मार बसल्यावरही डोकं ठिकाणावर ठेवायची जी सवय लागते, ती नुसते प्रकार पाठ केलेल्या मुलीला कधीच लागत नाही. फक्त त्याच्या जोडीला होशिनसुल हवं. कोरियन शब्द आहे, हो म्हणजे राखणं, शिन म्हणजे शरीर, सुल म्हणजे कौशल्य. खूप क्लासमध्ये बेल्ट एक्झामच्या आधीच्या आठवड्यात याचे दोन-तीन प्रकार घोकून घेतात, एक्झाम झाली की पुढच्या एक्झामपर्यंत कुणी विचारत नाही, आणि मला हे फार लागतं कारण पालक ज्या गोष्टीसाठी फी भरतात तीच सगळ्यात कमी शिकवली जाते.

हापकिडोत उलटं आहे, तिथे पकड सोडवणं, सांधा वळवणं, पाडणं आणि नीट पडणं हाच गाभा. १९४५ ला कोरियावरची जपानी सत्ता संपली, त्यानंतर जपानमधून परतलेल्या चोई योंग-सुल यांनी देगू शहरात जे शिकवायला घेतलं त्यातून हापकिडो उभा राहिला, आणि पुढच्या पिढीतल्या जी हान-जे यांच्यासारख्यांनी त्यात कोरियन किक्सची भर घातली. त्याची तीन तत्त्वं आहेत, ह्वा, वॉन, यू. जोराला जोर लावायचा नाही, सरळ न ओढता गोल फिरायचं, आणि पाण्यासारखं थांबून न राहता वाहत राहायचं. ऐकायला प्रवचन वाटतं पण मनगट सोडवताना तिन्ही लागतात, खाली सांगतेच.

सुरुवात आवाजापासून

नवीन बॅचला मी पहिले दोन-तीन तास किक शिकवतच नाही. उभं राहणं, अंतर आणि आवाज. पाय खांद्याइतके फाकवून, एक पाय थोडा मागे, गुडघे किंचित सैल, दोन्ही हात छातीसमोर तळवे पुढे, जसं आपण "अहो थांबा थांबा" म्हणताना करतो अगदी तसं. ही पोझ बघून समोरच्याला भांडण काढल्यासारखं वाटत नाही, आजूबाजूच्यांना दिसतं की ही मुलगी नको म्हणतेय, आणि हात चेहऱ्याजवळ तयार असतात. अंतर किती, तर समोरच्याने हात लांब केला तरी आपल्याला लागणार नाही आणि वर अर्धा हात जास्त. दोघं समोरासमोर उभे करून एकाला हळूहळू पुढे यायला सांगा आणि दुसऱ्याला जिथे नको वाटेल तिथे हात वर करून थांबवायला सांगा, हा साधा ड्रिल आहे पण पोरींना पहिल्यांदाच कळतं की आपण किती जवळ येऊ देतो.

मग किहाप. तायक्वांदोत किकबरोबर जो ओरडा असतो तो. आता गंमत बघा, किहाप आणि हापकिडो या दोन्ही शब्दांत कि आणि हाप हीच दोन अक्षरं आहेत, फक्त उलटसुलट, कि म्हणजे आतली शक्ती आणि हाप म्हणजे एकत्र येणं. म्हणजे ओरडणं हे सजावट नाही, श्वास पोटातून बाहेर टाकला की पोट घट्ट होतं आणि भीतीने अडकलेला श्वास मोकळा होतो. पण रस्त्यावर नुसतं "हाऽ" ओरडून उपयोग नाही म्हणून मी किहापच्या जागी शब्द देते. "मागे हो!" "हात सोड!" "मी याला ओळखत नाही!" हे तिसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे कारण बघणारे लोक घरगुती भांडण समजून मध्ये पडत नाहीत. आपल्या घरात मुलींना लहानपणापासून हळू बोल हळू बोल सांगितलेलं असतं त्यामुळे पहिल्या दिवशी अर्ध्याजणींचा आवाजच फुटत नाही, हसतात, लाजतात, ठीक आहे, रोज दहा वेळा ओरडून घ्या, दोन आठवड्यांत फरक पडतो.

मनगट सोडवणं, हे एक नीट आलं तर बाकीचं येतं

कुणी आपलं मनगट धरलं की आपण काय करतो, मागे खेचतो. आणि तो तगडा असेल तर खेचाखेचीत तोच जिंकतो. त्याऐवजी त्याची मूठ बघा. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, आणि अंगठ्याचं टोक जिथे बोटांना भेटतं तिथे पकड सगळ्यात कच्ची. आपल्या मनगटाची पातळ कड त्या फटीकडे वळवायची, बोटं ताणून हात उघडा ठेवायचा, आणि हात मागे न खेचता आपलं कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचं, त्याच वेळी एक पाऊल पुढे किंवा तिरकं टाकायचं. आता वरची तिन्ही तत्त्वं आठवा, पुढे गेलो म्हणजे जोराला जोर लावला नाही, कोपर गोलात फिरलं, आणि हात सुटल्यावर तिथेच उभं न राहता बाहेर पडलो. दंडाच्या जोरावर हे होत नाही, पाय हलला तरच होतं, नव्या मुलींचं नव्वद टक्के वेळा पाऊलच विसरतं असं मला दिसतं.

शिकवताना आधी समोरच्या हाताने धरलेलं, मग तिरक्या हाताने धरलेलं, मग दोन्ही हातांनी एक मनगट धरलेलं. दोन हातांनी एक धरलं असेल तर आपल्या मोकळ्या हाताने त्याच्या हातांच्या मधून स्वतःचीच मूठ पकडायची आणि दोन्ही हातांनी वर, आपल्या खांद्याकडे, अंगाचा झोक देऊन काढायची. एवढे तीन प्रकार. यूट्यूबवर पन्नास प्रकार दिसतील, ते बघून घाबरू नका, घाबरलेल्या माणसाला पन्नासातला एक निवडता येत नाही. तीनच, पण अंधारात, दमलेले असताना, हातात पिशवी असताना, घामाने हात ओले असताना जमले पाहिजेत.

मनगट वळवून समोरच्याला खाली बसवायचे जे लॉक हापकिडोत असतात ते दिसायला सुंदर असतात आणि सगळ्यांना तेच शिकायचे असतात. शिकवा, पण नंतर. मी सुरुवातीला एका बॅचमध्ये पहिल्याच महिन्यात ते घेतले, थांबायची खूण ठरवून दिली नव्हती, आणि एका मुलीचं मनगट मुरगळलं, तीन आठवडे पट्टी होती. चूक पूर्ण माझी होती. तेव्हापासून पहिला नियम, दुखायला लागलं की मांडीवर किंवा मॅटवर दोनदा थाप, आणि थाप ऐकली की त्याच क्षणी सोडायचं. दुसरा नियम, मी "कुमान" म्हटलं की सगळी बॅच जागेवर स्तब्ध. कुमान म्हणजे थांबा, मॅचमध्ये रेफरी म्हणतात तेच. लॉक हळू लावायचा, झटका कधीच नाही.

बाकीचे प्रसंग

केस धरले तर त्याचा हात काढायला जाऊ नका, उलट आपल्या दोन्ही हातांनी त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर दाबून धरा, ओढ कमी होते आणि दुखणं आटोक्यात येतं, मग गुडघे वाकवून खाली व्हा, त्याच्याकडेच वळा आणि नडगीवर किक. समोरून गळा धरला तर हनुवटी छातीला, एक हात सरळ कानाला लावून वर, आणि अख्ख्या अंगासकट वर केलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूला वळा, म्हणजे त्याच्या मनगटांवर आपला खांदा येतो आणि पकड तुटते, नुसत्या हातांनी त्याचे हात ओढत बसलो तर दम तिथेच संपतो. मागून कवळ घातली तर आधी पाय फाकवून खाली बसल्यासारखं वजन टाका म्हणजे तो उचलू शकणार नाही, मग टाचेने त्याच्या पावलावर, आणि त्याचं एक बोट धरून उलट्या बाजूला.

किक्सबद्दल स्पष्ट बोलते. डोक्यावरची दोल्यो चागी म्हणजे गोल फिरवून मारायची किक जीन्समध्ये, साडीत, ओल्या फरशीवर, चप्पल घालून मारायची नाही. पाय वर गेला की आपण एका पायावर आणि त्याने पाय धरला की आपण खाली. सेल्फ डिफेन्सला आप चागी म्हणजे समोरची किक नडगीला किंवा जांघेत, योप चागी म्हणजे बाजूची किक गुडघ्याच्या उंचीवर, बस्स. हाताने मुठीपेक्षा बातांगसोन म्हणजे तळव्याचा खालचा जाड भाग वापरा, नाकाला किंवा हनुवटीला, कारण सवय नसताना मुठीने हाडावर मारलं की आपलीच बोटं मोडतात. आणि जवळ आला असेल तर कोपर. कोपर कमी ताकदीच्या माणसाचं सगळ्यात भारी हत्यार आहे, पालकुप चीगी रोज पॅडवर मारा, दोन्ही बाजूंनी.

पडणं, म्हणजे नाकबोप, हे तर मला वाटतं सगळ्यांना शिकवावं, आजीआजोबांनासुद्धा झेपेल तेवढं. मागे पडताना हनुवटी छातीला, पाठ गोल, श्वास बाहेर, आणि दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली करून जमिनीवर आपटायचे, हात मागे टेकवून स्वतःला सावरायचं नाही, मनगट तिथेच मोडतं. सुरुवात उकिडवं बसून, मग अर्धं वाकून, मग उभ्याने. जाड मॅट नसेल तर उभ्याने करूच नका. भांडण कुणाच्या आयुष्यात कधी येईल न येईल पण बाथरूममध्ये पाय घसरणं येतंच, माझ्या बॅचमधल्या एक काकू स्कूटीवरून पडल्या तेव्हा डोकं आपटलं नाही, आपोआप हनुवटी आत गेली म्हणाल्या, मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा मेडलने होत नाही.

चाकूचं काय, हे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. मी शिकले तेव्हा मलाही चाकू हिसकावायचे प्रकार शिकवले होते आणि मी तेच पुढे शिकवत होते. एकदा पांढरे जुने टीशर्ट घालून रबरी चाकूऐवजी लाल मार्कर दिला आणि सांगितलं की खरंच लागू दे, दोन मिनिटांत प्रत्येकाच्या हातावर, पोटावर, मानेजवळ लाल रेघा, माझ्यासकट. तेव्हापासून मी एकच शिकवते, पर्स मागतोय तर पर्स दुसरीकडे फेका आणि उलट दिशेला पळा, मध्ये खुर्ची, गाडी, सॅक काहीतरी घ्या. पळायला जागाच नसेल तरच हात, आणि तेव्हाही लागणार हे धरूनच. मार्करचा हा ड्रिल दर सहा महिन्यांनी घेते कारण नव्या मुलांना सांगून पटत नाही, रेघा बघून पटतं.

शिकवणाऱ्यांसाठी

प्रत्येक प्रकार चार पायऱ्यांनी न्या. पहिल्या पायरीला जोडीदार ढिला धरतो, फक्त हालचाल बसवायची. दुसरीला घट्ट धरतो पण जागेवर उभा. तिसरीला धरून ओढतो, ढकलतो, ओरडतो. चौथीला कुठली पकड येणार ते सांगायचंच नाही, मुलगी डोळे मिटून उभी, पकड आली की डोळे उघडून सुटायचं आणि भिंतीपर्यंत पळत जायचं. हे पळणं सोडू नका! बरेच जण हात सुटला की तिथेच उभे राहून सरांकडे बघतात, आणि जे सरावात केलं तेच खऱ्या वेळी होतं, म्हणून प्रत्येक रेपिटेशनचा शेवट पळण्याने. बहुतेक क्लास पहिल्या पायरीवरच थांबतात, सगळ्यांना जमतं, टाळ्या पडतात, व्हिडिओ छान येतो, आणि मुलीला वाटतं आपल्याला येतंय. हा खोटा आत्मविश्वास काहीच न येण्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे, कारण काहीच न येणारी मुलगी निदान लवकर पळते.

म्हणूनच एका दिवसाच्या वर्कशॉपबद्दल माझं मत जरा कडक आहे. एका कॉलेजने मला तीनशे मुली आणि दीड तास दिला होता, वर स्टेजवर फरशा फोडून दाखवा म्हणाले. मी फरशा फोडल्या नाहीत, दीड तास फक्त आवाज, अंतर आणि एकच मनगट सोडवणं घेतलं, ते नाराज झाले, परत बोलावलं नाही. पण तीनशे जणींना दीड तासात एवढंच देता येतं. नियमित बॅचमध्येसुद्धा जोड्या लावून ड्रिल घेताना एका शिकवणाऱ्यामागे बारा-पंधरापेक्षा जास्त जण मी घेत नाही, त्यापुढे लक्षच राहत नाही.

स्पर्शाचं भान ठेवा. कुणाला हात लावायच्या आधी विचारायचं, "मनगट धरून दाखवू का?" आणि नाही म्हटलं तर कारण न विचारता पुढे जायचं. गळा धरायचा, मागून कवळ घालायचा ड्रिल असेल तर बॅचला आदल्या तासालाच सांगून ठेवा, बाजूला बसून नुसतं बघायची मुभा ठेवा. कुणाच्या आयुष्यात काय घडलेलं असतं आपल्याला माहीत नसतं, माझ्या समोर एक ताई गळ्याच्या ड्रिलला एकदम गोठून गेल्या होत्या, तेव्हा मला हे कळलं आणि ते आधीच कळायला हवं होतं. लहान मुलांच्या बॅचला दार उघडं, पालकांना कधीही येऊन बसता येईल अशी सोय, आणि एकट्या मुलाला थांबवून घेणं नाही.

लहान मुलांना सांध्याचे लॉक अजिबात नकोत, त्यांची हाडं वाढत असतात. दहा वर्षांच्या पोराने मोठ्या माणसाला पाडायचं नसतंच, त्याने ओरडायचं, हात सोडवायचा, आणि ओळखीच्या दुकानात किंवा लहान मुलं बरोबर असलेल्या एखाद्या बाईकडे धावत जायचं. हे पळणं खेळ म्हणून घ्या, त्यांना आवडतं. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आणि आईबाबांचा एक नंबर तोंडपाठ करून घ्या, कोरियनमध्ये हाना, दुल, सेत म्हणजे एक, दोन, तीन मोजता येतं तर दहा आकडे पण पाठ होतात.

कायद्याचं दर तीन महिन्यांनी दहा मिनिटं बोला. आपल्याकडे स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, आधी हेच आयपीसीत ९६ ते १०६ मध्ये होतं. हक्क भक्कम आहे पण बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही, असं कलम ३७ सांगतं. म्हणून पॅडवर सराव घेताना मी "तो खाली पडला" असं ओरडले की किक बंद करून मागे सरायचं आणि निघायचं, पडलेल्याला मारत बसायचं नाही. सुरक्षित जागी पोचल्यावर ११२ ला फोन. परदेशात राहून शिकवत असाल तर तिथला कायदा वेगळा असेल, तो तिथल्या माणसाकडून नीट समजून घ्या.

क्लास शोधत असाल तर ब्लॅक बेल्ट बघून भुलू नका, एक तास बसून बघा. जोडीदार खरंच धरतोय का, मुलींना प्रश्न विचारू देतात का, दुखलं म्हटल्यावर थांबतात का. साबुमनिमकडे, म्हणजे शिकवणाऱ्या सर-मॅडमकडे, कुक्कीवॉनचं (सोलमधलं तायक्वांदोचं जागतिक मुख्यालय) डान म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पातळीचं सर्टिफिकेट असेल तर ते कुक्कीवॉनच्या वेबसाइटवर तपासता येतं, तपासायला लाजू नका, चांगला शिकवणारा स्वतःच दाखवतो.

घरच्या सरावाला रोज पंधरा मिनिटं पुरतात. पाच मिनिटं दोरी उड्या किंवा जिना चढउतार, कारण दम नसेल तर पळणार कसं. पाच मिनिटं उशीवर कोपर, तळवा आणि खालची आप चागी, आरशासमोर ओरडून, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. शेवटची पाच मिनिटं घरातलं जे कोणी मिळेल त्याला मनगट धरायला सांगायचं, भाऊ असो, नवरा असो, आई असो, आणि प्रत्येकाला सांगायचं की सोडू नकोस, घट्ट धर. आठवड्यातून एकदा हेच बाहेर जायच्या कपड्यांत, खांद्याला पर्स लावून, पायात रोजची चप्पल घालून करा, आणि ओढणी असेल तर ती कुठे अडकते ते त्याच वेळी बघून घ्या.